मिसाईची ओटी

खडकवाडी, ता. जामखेड
१७ जानेवारी १९४६

सारा हिस,

वर 'चिरंजीव' घातलेलं नाही हे तुझ्या लक्षात येईलच. मुद्दाम घातलं नाही. तू रोमन कॅथलिक देवळात जाऊन लग्न लावलंस तेव्हापासून मी तुला पत्र लिहिणं सोडलं, आणि हे पत्र समेटासाठी आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. तुझ्या घरात कोनाड्यात निळ्या पदराची बाई उभी आहे आणि तू तिच्यापुढे मेणबत्ती लावतेस, हे मला कळलं आहे. ती तिथे आहे तोवर मी भिंगारला पाऊल टाकणार नाही. एवढं लिहून झालं. आता कामाचं लिहिते.

मला तुझी साक्ष हवी आहे.

आपल्या मिशनच्या मिसबाईंची कबर तू शेवटची पाहिलीस तेव्हा ती कबर होती. आज ती काय आहे ते सांगायची मला किळस येते, पण सांगितल्याशिवाय तुला कळणार नाही. दगडाला शेंदूर फासला आहे. त्यावर कुणीतरी मेणाने पितळी डोळे चिकटवले आहेत, वटारलेले, एक जरा तिरका. मिसबाई गावातल्या पोरापोराला नाक दाबून एरंडेल पाजायच्या, तेव्हा त्यांना एरंडेल आवडत असणार असं या शहाण्या लोकांनी ठरवलं आहे. म्हणून दर शनिवारी दगडावर एरंडेल ओततात. वर बिस्किटं कुस्करतात, कारण मडमा बिस्किटं खातात. अंडी फोडतात. उन्हात त्या सगळ्याचा जो राबडा होतो आणि त्यावर ज्या माश्या बसतात, त्या पाहून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि ओटी भरतात. जन्मभर जिने लग्न केलं नाही त्या बाईची खणानारळाने ओटी.

तिला नावही मिळालं आहे. मिसाई.

दुष्काळात आईबाप मेलेली, पोट फुगलेली पोर होते मी. मिसबाईंनी मला टोपलीत घालून आणलं, अक्षर शिकवलं, बायबलबाई केलं. 'रेबेका, दगडापुढे वाकू नकोस' हे त्यांनी मला शिकवलेलं पहिलं वाक्य. आता तीच बाई दगड होऊन बसली आहे आणि माझ्याकडे तिरका डोळा करून बघते आहे.

हे फक्त गावातल्या हिंदू बाया करतात असं समजू नकोस. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला जे हात पुढे येतात तेच शनिवारी तिथे एरंडेल ओततात. मी एकीला विचारलं तर म्हणाली, प्रार्थना करतो की आम्ही, फक्त मिसबाईंजवळ बसून करतो. तिच्या पदरात नारळ होता.

मी आपल्या मंडळीच्या पंचांपुढे म्हटलं, दगड काढून टाका. आपले सत्यवान मास्तर पंचांचे मुख्य झाले आहेत. ते म्हणाले, दगड नगरहून मिशनने पाठवला आहे, मिसबाईंची तशी इच्छा नव्हती असा काही पुरावा असला तर बोला. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी तूच होतीस. मी खेड्यापाड्यांतून शुभवर्तमान सांगत हिंडत होते. आले तेव्हा माती टाकून झाली होती. कबरीविषयी त्या काहीतरी बोलल्या असं तू मला म्हणाली होतीस, पण मी त्या वेळी ऐकण्याच्या स्थितीत नव्हते.

काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहून पाठव. खाली सही कर. बाकी काही लिहायची गरज नाही.

रेबेका


खडकवाडी
९ फेब्रुवारी १९४६

सारा,

तुझं पत्र मिळालं. साक्ष स्पष्ट आहे. 'मला मातीत ठेवा. वर दगड ठेवू नका. दगड ठेवला की लोक त्याच्याशी बोलायला लागतात.' वाचताना मला मिसबाईंचा आवाज ऐकू आला, 'ळ' म्हणताना त्यांची जीभ अडखळायची तोसुद्धा.

पण त्याखाली तू जे लिहिलं आहेस ते मी मागितलं नव्हतं. 'जाऊ दे ना आई, तिथे रडतात त्यांना रडू दे.' रडायला कोण नको म्हणतं? मीही तिथे रडले आहे. पण आधी रडतात, मग मागतात, मग मिळालं की बोकड कापतात, आणि नाही मिळालं तर तिच्या कोपाची भीती घालून शेजारणीच्या पोराला उपाशी ठेवतात. हे मी लहानपणी घरी पाहिलं आहे, म्हणून माझ्या तोंडाला लगेच कडू पाणी येतं. तू मिशनच्या आवारात वाढलीस. तुला ते दुरून गोड दिसतं.

रविवारी शाळेत मुलांना हिज्कीया राजाची गोष्ट सांगितली. पितळी सर्प मोशेने केला होता, देवाच्याच सांगण्यावरून केला होता, त्याच्याकडे बघून माणसं वाचली होती. तरी लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले तेव्हा राजाने त्याचे तुकडे केले. वाईट वस्तू फोडणं सोपं असतं, पोरांनो, असं मी सांगितलं. चांगल्या वस्तूची मूर्ती होते तेव्हाच हात थरथरतो. मग एकाने विचारलं, बाई, मग मिसाईला तुम्ही फोडणार का? मी त्याला पाढे म्हणायला लावले.

पंचांची बैठक झाली. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. मग मास्तरांकडून खरं कारण बाहेर आलं. वरची विहीर. तुला आठवत असेल, आपल्या माणसांना त्या विहिरीच्या काठालाही कधी उभं राहू दिलं नाही. ओढ्यातले झरे उकरून पाणी भरायचं, हीच आपली रीत. मिसाई सुरू झाली तेव्हापासून गावातल्या बाया आपल्या आवारात येतात, ओसरीवर टेकतात, आणि मिसाईची माणसं म्हणून आपल्याला वरच्या विहिरीवर भरू देतात. मास्तर म्हणाले, रेबेकाबाई, दगड काढला की पाणी गेलं. तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला एक कळशी पुरते.

म्हणजे पाण्यासाठी. मला इतकी शिसारी आली की मी उठून उभी राहिले. म्हटलं, मास्तर, सोन्याचं वासरू करून पूजणाऱ्यांचीही काहीतरी सोय झाली असेलच. त्यावर ते शांतपणे म्हणाले, तशीही ही साक्ष एका रोमन बाईची आहे, ती आम्हाला चालत नाही.

मी काय उत्तर दिलं ते तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सांगते. मी म्हटलं, माझी मुलगी रोमन असेल, खोटी नाही. यावरून तू काही अर्थ काढू नकोस. खोट्याला खोटं आणि खऱ्याला खरं म्हणायची मला सवय आहे.

चैत्री पुनवेला मिसाईची जत्रा भरवायचं ठरलं आहे. मास्तरांनी रुकार दिला. जत्रेत आपण भजनं म्हणू, शुभवर्तमानाची पुस्तकं विकू, हा त्यांचा बेत.

आई


खडकवाडी
२० मार्च १९४६

सारा,

जत्रेसाठी कबरीवरचं कडुलिंबाचं झाड चिंध्यांनी लगडून गेलं आहे. फांदीफांदीला नवसाचे पाळणे बांधले आहेत, बोटभर, वीतभर, बाभळीच्या काटक्यांचे, चिंध्यांचे. परवा दुपारी मी कोयता घेऊन गेले. दगडाला हात लावायला पंचांची बंदी, पण झाडाविषयी कुणी काही बोललेलं नव्हतं. एकेक तोडून खाली टाकत होते. दोऱ्या तेलकट होत्या. हाताला जो वास लागला तो राखेनेही जाईना.

वरच्या बाजूला एक पाळणा सागवानी होता.

तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या नवऱ्याने मला एक पेटी करून पाठवली होती. मी ती उघडली नाही, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उपडी ठेवली आहे. पण तिच्या कोपऱ्यांचे सांधे मी रोज बघते. खिळा नाही, लाकूडच लाकडात गुंतवलेलं. आणि कडेच्या पट्टीवर सहा पाकळ्यांचं फूल. त्या पाळण्याचे सांधे तसेच होते. फूल तेच होतं. आत निळ्या चौकटीच्या कापडाची घडी होती. ते तुझ्या शाळेच्या झग्याचं कापड आहे, मी शिवलेल्या, बाहीला पुरेना म्हणून दुसरा तुकडा जोडलेल्या.

मी झुंबरबाईंकडे गेले. मिसाईच्या दिव्याचं तेल त्याच बघतात. त्यांचा नातू तापाने फणफणला होता तेव्हा मिसबाईंनी तो वाचवला, तेव्हापासून त्या कबर सोडत नाहीत. त्या ज्वारी पाखडत होत्या. मी पाळणा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"सारा आल्ती," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या वक्ताला. जावई संगट हुता. माज्या हितं पानी प्याली, मिसाईची ओटी भरली अन् गेली. तुमास्नी सांगू नका म्हनली."

मी त्यांच्या अंगणातच बसले. त्यांनी पाणी दिलं ते मी प्याले, एवढं आठवतं.

मग मी त्यांच्यावर घसरले. म्हटलं, तो दगड आहे, मेलेली बाई आहे, तिला ऐकू येत नाही. सगळ्यांचा बाप वर आहे, त्याला सोडून तुम्ही थडग्याशी काय मागता? झुंबरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा देव लई लांब हाय, बाई. मिसाईनं माज्या नातवाच्या तोंडात आपल्या हातानं औशीद घातलं. मी जवळचं सोडून लांबच्याला कशापाई हाक मारू?"

आयुष्यभर मी या प्रश्नाचं उत्तर गावोगाव देत आले. त्या दिवशी मात्र मी पाळणा उचलला आणि घरी आले.

सारा, तुला मूल होत नाही हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. मी विचारलं नाही, कारण मी विचारायला मोकळी नव्हते. पण तू भिंगारहून नगरला आलीस, सर्विस मोटरने जामखेडला आलीस, तिथून पायी या फुफाट्यातून खडकवाडीला आलीस. आणि कबरीपाशी थांबलीस. कबरीवरून माझं दार दिसतं. माझ्या चुलीचा धूर दिसतो. तू त्या तिरक्या डोळ्याच्या दगडाला एरंडेल घातलंस, आपल्या पोटातलं दुःख त्याला सांगितलंस, आणि मला न भेटता परत गेलीस. तुझ्या तापात मी जागले, तुझ्या केसांतल्या उवा मी काढल्या, झग्याच्या बाहीला जोड मी दिला. मागायला मात्र तू दगडापाशी गेलीस.

'मूर्ती करू नकोस, तिच्या पाया पडू नकोस' या दुसऱ्या आज्ञेत देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो. मुलांना ती आज्ञा शिकवताना त्या शब्दापाशी मी नेहमी घाईने पुढे जायची. मला तो देवाला शोभत नाही असं वाटायचं. शेजारणीच्या लुगड्यावरून जळणाऱ्या बाईचा शब्द. परवा झुंबरबाईंच्या अंगणात तो मला कळला. ज्याने वाढवलं तो दारात उभा आहे आणि लेकरू त्याच्या अंगणावरून पलीकडच्या धोंड्याकडे चाललं आहे, असं बघताना जे पोटात पेटतं त्याला दुसरा शब्द नाही. संदेष्टे पानोपान ओरडतात ते उगीच नाही.

मला तुझी किळस आली. हे लिहायला नको होतं, पण आली. पाळणा घरी आणला आहे. त्याचं काय करायचं ते मी बघेन.

रेबेका


खडकवाडी
२० एप्रिल १९४६

चि. सारा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जत्रेच्या आदल्या दिवशी हाती पडलं. त्यातल्या दोन्ही गोष्टी वाचल्या. त्यांवर नंतर येते. आधी जत्रेचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला धीर निघणार नाही.

सकाळपासून आवारात चूल मांडायला जागा उरली नव्हती. बोकड आणलेले, बांगड्यांची दुकानं, हलगी. आपले मास्तर कोट घालून पुस्तकांच्या पेटीवर बसलेले, आणि त्यांच्या पुस्तकांवर लोक नारळ ठेवून फोडत होते. मी पहार घेऊन गेले होते, ते कबूल करते. पण दगडापाशी बायांची एवढी दाटी होती की पहार उगारायलाच जागा नव्हती. मग मी शेजारच्या ओट्यावर चढले आणि तुझी साक्ष मोठ्याने वाचली. मिसबाई मरताना हे बोलल्या, माझ्या मुलीने आपल्या कानांनी ऐकलं, असं सांगितलं. 'वर दगड ठेवू नका.' हलगी थांबली.

मला वाटलं आता मार पडणार. पंचांनाही तसंच वाटलं असावं, कारण मास्तर पेटीवरून उतरून पेटीच्या मागे गेले.

झुंबरबाई पुढे आल्या. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. त्या गर्दीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का? मिसाईला दगडाचं वझं हुतंय. तिनंच सांगितलं. आन् आपुन इतकी वर्सं तिच्या छातीवर धोंडा ठिवून बसलोय."

आणि सारा, त्यांनी तो दगड काढला. मिसाईची आज्ञा म्हणून काढला. हळदकुंकू वाहून, पाया पडून, माझीच पहार घेऊन. डोळे उचकटून झुंबरबाईंनी पदरात बांधले. मला ज्यासाठी हिज्कीया व्हायचं होतं ते काम मूर्तिपूजकांनी मूर्तीचा हुकूम म्हणून वाजतगाजत करून टाकलं. खाली मिसबाईंची माती उघडी पडली, जशी त्यांना हवी होती तशी. मी क्षणभर डोळे मिटून देवाचे आभार मानले. डोळे उघडले तर बाया वाकून त्या मातीची चिमूट चिमूट पदरात बांधत होत्या. पोरांच्या कपाळाला लावत होत्या. आपली मंडळीसुद्धा.

मी ओट्यावरच बसले आणि हसत सुटले. इतकं हसले की मास्तरांना वाटलं मला काही झालं. विहीर अजून उघडी आहे, कारण मिसाईचा निरोप आम्हीच पोचवला. मास्तर सगळ्यांना सांगतात की ही युक्ती त्यांची. माझी किळस गेलेली नाही, जाणारही नाही, त्या मातीकडे बघून ती आणखी वाढली आहे. उद्या ईस्टर आहे. रिकाम्या थडग्याचा सण. उपासनेत मी ज्यांच्याबरोबर गाईन त्यांच्या पदराच्या गाठीत थडग्याची माती असेल.

दगड कुणाला नको होता म्हणून मी माझ्या अंगणात आणवला आहे. त्यावर धुणं धुते. नाव लिहिलेली बाजू खाली आहे.

आता तुझ्या पत्राचं. तुला दिवस गेले, चौथा लागला. हे मिसाईने दिलं असं तू लिहिलं नाहीस. त्या निळ्या बाईने दिलं असंही लिहिलं नाहीस. कुणी दिलं हे न लिहिता सोडलंस, ते मी माझ्या सोयीने वाचते. झुंबरबाईंना मात्र आवारभर सांगू नका म्हटलं तरी त्या सांगणारच. सांगू देत.

दुसरी गोष्ट. तू लिहितेस, दिवाळीत कबरीवरून तू माझ्या दाराकडे आली होतीस. उंबऱ्यापासून हाताच्या अंतरावर होतीस. आत मी मुलांकडून दुसरी आज्ञा पाठ करून घेत होते. माझा आवाज ऐकलास आणि तशीच मागे फिरलीस. एवढंच लिहिलं आहेस, पुढे काही लिहिलं नाहीस. ते वाचल्यापासून मुलांना ती आज्ञा शिकवताना मी दाराकडे बघत बसते. परवा एक मुलगा म्हणाला, बाई, कोण येणार आहे?

आज्ञा मी बदलणार नाही. ती माझी नाही. पण ज्या देवाने ती दिली तो पानोपान ओरडतो, शिव्याशाप देतो, आणि सगळं ओरडून झालं की शेवटी म्हणतो, परत ये. हे मी गावोगाव सांगत आले. घरी सांगायचं राहिलं.

तो लहान पाळणा मी जाळला. त्यावर पाणी तापवून न्हाले. सागवान असल्यामुळे चांगला जळला. फूल कोरलेली पट्टी तेवढी ओली होती, म्हणून बाजूला ठेवली आहे. निळं कापड धुऊन घडी केली. लंगोट होतील त्याचे.

पावसाळा लागायच्या आत ये. ओढ्याला पाणी आलं की जामखेडच्या पुढे गाडी येत नाही. पहिलं बाळंतपण आईकडे असतं, ते रोमन लोकांतही तसंच असावं. आंतोनरावांना माझा सलाम सांग, आणि त्यांना म्हणावं, पेटी मी उघडली, सांधे चांगले आहेत. आता एक मोठा पाळणा करून आणा. माझ्या आढ्याला कडी आहे, सारा तिच्याखालीच झोपायची. कोनाड्यातल्या बाईला मात्र भिंगारलाच राहू दे.

तू आलीस की मिसबाईंच्या मातीवर जायचं म्हणशील. जा. मीही येईन, पण चिमूट उचललीस तर हात धरीन. फक्त आधी माझ्या दारात ये.

तुझी आई